हावची खोली

लोक मला विचारतात, राग नाही येत का हो तुम्हाला? नाही येत. खोटं कशाला सांगू. आला असता तर बरं झालं असतं, निदान दुपार तरी गेली असती. माझा डावा हात मांडीवर ठेवलेला असतो आणि तो तिथे आहे हे मला बघून कळतं. रागाचंही तसंच झालं आहे. असेल कुठेतरी, पण लागत नाही.

ही हकीकत आमच्या संस्थेची आहे. आम्ही लोकांची दारू सोडवतो. संस्थेचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. तिथे आम्ही एकमेकांची नावं बाहेर काढत नाही, आणि या वयात सवय कोण मोडत बसतो. लिहायला बसलो त्याचं कारण संस्था नाही. मला एकच गोष्ट कळायला हवी होती. त्या दिवशी खाप्याला, आमच्या केंद्रात, माझी बायको आली, मी दारू प्यालो असं तिला सांगितलेलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला. तो कशाचा होता? इतकी वर्षं न पिता तिच्यासमोर वावरलो, आणि मी पुन्हा घसरलो म्हणून तिला आनंद? हे विचारायची माझी छाती होत नव्हती. बाकीचं सगळं सांगतो ते या एका प्रश्नापर्यंत यायला.

सुरुवात नागपूरला, जरीपटक्यातल्या एका पिठाच्या चक्कीत झाली. चक्कीवाला आणि मी एकाच भट्टीवर देशी पिणारे. मी इतवारीत भांड्यांच्या ठोक दुकानात माल दाखवायचो, दिवसभर पितळ आणि स्टील ठोकून ठोकून कान किटायचे, आणि संध्याकाळी शटर पडलं की पाय आपोआप भट्टीकडे. चक्कीवाल्याची दोन बोटं दारूच्या भरात चक्कीच्या पट्ट्यात गेली. तो दवाखान्यातून परत आला तो काहीतरी शिकूनच आला. मला म्हणाला, "अबे, पेणाऱ्यानं पेणाऱ्याजवळ बोललं तर सुटते म्हणते. येऊन तर पाहा." मी गेलो ते त्याची बोटं बघायला. बोलायला नाही.

चक्की बंद असायची त्या दिवशी आम्ही आत बसायचो. गव्हाच्या पोत्यांवर, भिंतीला टेकून. चारजण होतो, मग सहा झालो, मग मोजायचं सोडून दिलं. पंखा लावला तर पीठ उडायचं, नाही लावला तर जीव जायचा. आपण घरी काय काय विकून खाल्लं, कोणाला मारलं, कुठे पडलो, हे सगळं तिथे ओकायचं. उपदेश करणाऱ्याला चक्कीवाला हाकलून लावायचा. "प्रवचन ऐकाचं असलं तर मंदिरात जा नं बे, इथं काय गहू दळाले आला?"

आता गंमत ऐका. भिंतीला टेकून बसल्यामुळे प्रत्येकाच्या पाठीवर पीठ लागायचं. घरोघरच्या बायकांना ते लवकर समजलं. माणूस उशिरा घरी आला की आधी त्याची पाठ बघायची. माझी बायको दार अर्धंच उघडायची आणि म्हणायची, "वळा." मी दारात वळायचो, शेजारी हसायचे. पाठीवर पीठ दिसलं की ती दार पूर्ण उघडायची. शर्टावरचं पीठ झटकायची नाही. शर्ट तसाच दोन दिवस खुंटीला ठेवायची, कोणी आलं तर दिसावं म्हणून. हे मला फार नंतर कळलं.

पण दारुड्याचं डोकं कुठे थांबतं! काही दिवसांनी लोक भट्टीवर बसून प्यायचे आणि घरी जाताना पाठीला मूठभर पीठ चोळायचे. एकाची बायको तरातरा चक्कीवर आली. "भाऊ, तुमच्या चक्कीवर बेसन दळते का?" चक्कीवाला म्हणाला, नाही, आपली गव्हाचीच आहे. "मग हे पिवळं कुठून आलं?" म्हणून तिनं नवऱ्याचा शर्ट पुढे धरला. आम्ही हसून हसून लोळलो. चक्कीवाला मात्र हसला नाही. तो शर्ट उलटसुलट करत म्हणाला, आता पिठावर नाही चालत, नियम पाहिजे.

नियम माझ्या तोंडून निघाला. पेणाऱ्याच्या नाहीला किंमत नाही. एवढाच. आमच्यातल्या प्रत्येकाला तो स्वतःच्या अनुभवानं पटलेला होता. मी कमरेला बाटली खोचून, आईच्या फोटोवर हात ठेवून 'नाही' म्हटलेला माणूस आहे. संशय आला की तोंडाचा वास घ्यायचा, चाल बघायची, बोलणं ऐकायचं. मग विचारायचं, पेला का? तो नाही म्हणाला तर वाद घालायचा नाही, शिवी द्यायची नाही, हात तर मुळीच लावायचा नाही. फक्त ऐकलंच नाही असं समजायचं. तो 'हाव' म्हणेल तेव्हाच पुढचं बोलायचं. आमच्या नागपुरात हो कोणी म्हणत नाही, हाव म्हणतात.

पुढे खाप्याला जागा मिळाली. कन्हान नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बंद पडलेला हातमागाचा कारखाना होता, मालकाचा मुलगा आमच्याकडे सुधारला होता, त्यानं वापरायला दिला. माणसं तिथे राहू लागली. हातमाग काढलेल्या जागी खाटा आल्या, आणि सूत ठेवायच्या लहान खोलीला आम्ही हावची खोली केलं. इतर ठिकाणी साखळ्या लावतात, बादलीनं पाणी मारतात, हे आम्ही ऐकून होतो. आमच्याकडे खोलीला कडीसुद्धा नव्हती. आत एक गादी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि खिचडी. दारात एकजण पाठ करून बसलेला. आतला माणूस काही बोलला तरी तो वळायचा नाही. फार झालं तर म्हणायचा, "सगळेच असं म्हणते गा." हे वाक्यही माझंच.

आणि आतून 'हाव' आलं की सगळ्या कारखान्यात आवाज व्हायचा. अद्रक कुटून पातेलंभर चहा चढायचा, सगळे त्याच्याभोवती बसून प्यायचे. त्याची न पिण्याची जी काही वर्षं झाली असतील ती त्या चहाबरोबर पुसली जायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पाहुण्यांना हे क्रूर वाटायचं. वाटू दे. त्या खोलीनं माणसं परत आणली आहेत.

खाप्याचं केंद्र बघतो तो मास्तर त्याच खोलीतून आलेला. सावनेरकडच्या शाळेत शिकवायचा, वर्गात पडला, लोकांनी उचलून आणला. आत बसून नाही, नाही, नाही असं त्यानं इतकं लावलं की घसा बसला. दारात पाठ करून मीच बसलो होतो. शेवटी हाव म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. तेव्हापासून मला भाऊ म्हणतो आणि माझा शब्द खाली पडू देत नाही. चक्कीवाला पुढे काविळीनं गेला. न पिता गेला. आमच्यात यालाच मोठं मानतात, आणि मीही मानतो.

मग तो दिवस. उन्हाळा होता. आठवड्याला एकदा मी खाप्याला जायचो, तसा निघालो. सकाळीच डोकं जड होतं, चहा कडू लागला. बायको म्हणाली, "आज नका जाऊ, चेहरा कसा तरी दिसून राहिला." मी म्हटलं, चेहऱ्याला काय धाड भरली, जसा आहे तसा आहे. बसमध्ये मळमळायला लागलं म्हणून सावनेरला उतरून नळावर तोंड धुतलं, पाणी प्यालो, आणि खिशातल्या दोन इलायच्या तोंडात टाकल्या. हाच घात झाला. इलायची खाऊन येणारा माणूस आमच्या फाटकाला फार जुना ओळखीचा.

खाप्याच्या स्टँडवरून केंद्रापर्यंतचा रस्ता मी झोपेत चालेन. त्या दिवशी तो माझ्या डाव्या बाजूला सारखा खाली जात होता. फाटकात मास्तर उभा होता.

"काय झालं भाऊ?"

"चक्कर आली गा," असं मी म्हटलं. तोंडातून ते भलतंच काहीतरी बाहेर पडलं. जीभ जाड झाली होती.

मास्तर जवळ आला, मला धरायला म्हणून, आणि धरता धरता त्यानं वास घेतला. कसा घ्यायचा, समोरच्याला कळू न देता, हे मीच त्याला शिकवलं होतं. इलायची. मग त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"भाऊ, पेले का?"

"नाही."

"दारू नाही तर गोळ्या?"

"नाही म्हटलं ना बे!"

तो काहीच बोलला नाही. बोलायचं नसतंच. माझ्या खांद्याला धरून त्यानं मला आत नेलं आणि हावच्या खोलीत गादीवर बसवलं. लिंबाचं पाणी ठेवलं. जाताना त्याचे डोळे भरलेले होते, पण तो नियमानं वागला. दुसरं वागला असता तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या.

ती खोली मी कधी आतून पाहिली नव्हती. माझी दारू चक्कीत सुटलेली, तेव्हा खोली कुठे होती! आतून ती फार लहान होती. भिंतीवर लोकांनी नखानं काय काय खरवडून ठेवलं होतं, कोणी देव काढला होता, कोणी नुसत्याच रेघा. दारात एक नवीन आलेला माणूस पाठ करून बसला होता. मी म्हटलं, अरे बाबा, मी पेलो नाही. तो न वळता म्हणाला, "सगळेच असं म्हणते गा बाबूजी." त्याला मी कोण हे माहीतही नव्हतं.

मी बसलो. मनात म्हटलं, हे लोक चुकत आहेत. मग थोड्या वेळानं म्हटलं, चुकत नसतील तर? आता हे कसं सांगावं कळत नाही, कारण ज्यानं कधी पिऊन सोडली नाही त्याला हे वेडेपणाचं वाटेल. माझे पाय असे फक्त एकाच गोष्टीनं झाले होते आयुष्यात. जीभ अशी फक्त एकाच गोष्टीनं जड झाली होती. सावनेरच्या नळासमोर दुकान आहे, मला माहीत आहे, आम्हा सगळ्यांना अशी दुकानं माहीत असतात. नळावर पाणी प्यालो हे आठवत होतं. बसमध्ये बसलो हे आठवत होतं. मधलं नीट आठवत नव्हतं. मी तिथे गेलो असेन का? पूर्वी कितीदा असं झालं होतं, प्यायलेलं दुसऱ्या दिवशी आठवायचंच नाही, आणि मी छाती ठोकून नाही म्हणायचो, आणि ते नाही मला खरंच वाटायचं. तेव्हाही मी खोटं बोलत नव्हतो! हेच तर मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो होतो, की पेणारा स्वतःलाच आधी फसवतो.

म्हणून मी माझा नियम मलाच लावला. माझ्या नाहीला किंमत नाही. दाराकडे बघून मी म्हटलं, "हाव."

दारातला माणूस गर्रकन वळला. आवाज झाला, सगळे धावले. मास्तरनं मला मिठीच मारली. "संपलं भाऊ, संपलं, आता काही नाही." अद्रक कुटल्याचा वास आला. चहा आला. मी उजव्या हातानं पेला धरला आणि प्यालो, तो अर्धा डावीकडून शर्टावर सांडला. कोणी काही म्हटलं नाही. त्या खोलीतल्या पहिल्या चहाला सगळ्यांचीच सांडासांड होते. मास्तरनं बाहेर जाऊन माझ्या बायकोला फोन केला, मला आतून ऐकू येत होतं. "वहिनी, हाव म्हणाले. हाव, स्वतःच्या तोंडानं म्हणाले."

ऊन चांगलंच तापलं तेव्हा ती आली. सावनेरपर्यंत बसनं आणि पुढे ऑटोनं. हातात कापडी थैली, तीत लिंबं, गूळ आणि माझा धुतलेला शर्ट. आणि चेहरा, सांगितलं ना, आनंदी. मोकळा. लग्नातल्या बाईसारखा. माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "घाबरू नका. होते असं. पुन्हा सोडाल." माझ्या कपाळावरून हात फिरवला. मी तिच्याकडे पाहत राहिलो. मला वाटलं, हिला बरं वाटून राहिलं. मी पडलो आणि हिला बरं वाटून राहिलं. आयुष्यात तेवढं एकटं मला भट्टीसमोरच्या नालीत पडलो होतो तेव्हाही वाटलं नव्हतं.

मला घेऊन ती निघाली. अंगणात फरशी आहे, भर दुपारी तिच्यावर पापड भाजून निघेल. मध्यावर ती थांबली. "अवो, चप्पल!" डावी चप्पल मागेच राहिली होती. मी तसाच उभा राहिलो, त्या फरशीवर, अनवाणी पायानं.

"सरका ना सावलीत, पाय भाजून राहिला ना!"

मी विचारलं, "कोणाचा?"

ती खाली बसली. माझा पाय उचलून तिनं तळव्यात नखं रुतवली. मी वरून बघत होतो, नखं रुतताना दिसत होती. मग तिनं जी किंकाळी फोडली ती अजून त्या कारखान्यात असेल. "मास्तर! हे पेले नाही वो! पेलेल्याले चटका समजते!"

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं माहीत आहे. सावनेरचा डॉक्टर, मग नागपूरचा मोठा दवाखाना, मेंदूचा फोटो. रक्ताची गाठ अडकली होती. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर इंजेक्शनचा उपयोग झाला असता. मास्तर तिथेच भिंतीला टेकून खाली घसरला. मी बघत होतो. मला काही वाटत नव्हतं, अंगालाही नाही आणि मनालाही नाही. पुष्कळ दिवस तसेच गेले. छताला पंखा फिरायचा, बायको उजवीकडून भरवायची, मी गिळायचो. जीभ परत आली, पाय काठीपुरता परत आला. हात नाही आला.

एकदा सगळे मिळून घरी आले, खाप्याचेही आणि जरीपटक्याचेही. मास्तरनं उभं राहून सांगितलं की माझा तो हाव संस्था धरत नाही, माझी सगळी वर्षं मला परत. इतवारीत गळका गंज, म्हणजे पातेलं, बदलून देतात तशी माझी वर्षं बदलून मिळाली. मी म्हटलं बरं. कोणी रडलं, कोणी पाया पडलं. मला वाटलं, चहा करा आणि जा आता. बायको आत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही. वर्षं घेऊन काय करू, मला तिच्या चेहऱ्याचं उत्तर पाहिजे होतं.

परवा मास्तर पुन्हा आला. संस्थेचा वार्षिक कार्यक्रम त्याच संध्याकाळी खाप्याला व्हायचा होता. तो खुर्चीच्या टोकावर बसला, माझ्यासमोर तो आता असाच बसतो.

"भाऊ, आम्ही ठरवलं आहे. हावची खोली बंद करतो. कार्यक्रमात तुमच्या हातानं कुलूप लावतो."

"काहून?"

"काहून म्हणजे! त्या खोलीनं तुमचा हात नेला."

"हात गाठीनं नेला. खोलीनं तुले आणलं. विसरला का?"

मला बोलायला वेळ लागतो, जीभ ओढत ओढत बोलावं लागतं, पण बोललो. "नियम बरोबर होता. आजही बरोबर आहे. पेणाऱ्याच्या नाहीला किंमत द्याल तर अर्धे मरतील. एक करा. माणूस आला की आधी दोन्ही तळव्यांले चिमटा काढा. दोन्ही पाय ओढले तर मग नाक लावा. एक नाही ओढला तर गाडी बोलवा. कुलूपबिलूप काही नाही. मी येतो, पण कुलूप लावाले नाही."

मास्तर म्हणाला, "तुम्हाले राग नाही येत का आमचा?" घ्या! तोही आलाच त्या प्रश्नावर. मी मान हलवली. गाडी पाठवतो म्हणून तो डोळे पुसत पुढे गेला.

स्वयंपाकघरात बायको कणीक मळत होती. परातीचा आवाज मघाच थांबला होता, तेव्हा ती ऐकत असणार. ती दारात आली, हात कोपरापर्यंत पिठाचे.

"मास्तरवर नाही राग तुमचा. माह्यावर आहे."

मी मांडीवरच्या हाताकडे बघायला लागलो.

"बोला ना. दवाखान्यातून आल्यापासून मले पाहत नाही तुम्ही. भरवताना भिंतीकडे पाहता. मी काय दगड आहे का, समजत नाही का मले?"

तेव्हा मी विचारलं. इतक्या महिन्यांचं एका वाक्यात विचारलं. "त्या दिवशी तू आनंदानं काहून आली वं?"

ती चौकटीला टेकली. मग बोलली ती चिडूनच बोलली.

"तुमच्या मास्तरनं पहिला फोन केला तेव्हा म्हणे, पाय लटपटून राहिले, जीभ जड झाली. माह्या बापाचं असंच झालं होतं. सकाळी पाय लटपटले आणि खाटेवर गेला तो उठलाच नाही. मी घरातून निघाली ते हात जोडतच निघाली. पेलेले असू दे बाप्पा, पेलेलेच असू दे, एवढं एकच मागत आली मी. सावनेरले बसमधून उतरली आणि दुसरा फोन आला, हाव म्हणाले म्हणून. ऑटोवाल्याले मी पेढे द्यायची बाकी होती. पेणं मले येते. ओकलेलं काढणं येते, लिंबू देणं येते, दारात उभं राहणं येते, सगळं येते मले. हे नाही येत." तिनं माझ्या हाताकडे बोट केलं. "म्हणून हसत आली. झालं?"

मला वाटलं ती संपली. ती संपली नव्हती.

"आणि एक सांगू? मले तेव्हाच समजाले पाहिजे होतं. इतकी वर्षं पेले तुम्ही, माह्यासमोर कधी एक डाव तरी हाव म्हटलं का? मरायले टेकले तरी नाहीच म्हणत होते. पेलेल्या तुमच्या तोंडून हाव निघूच शकत नाही. तुम्ही हाव म्हटलं, तिथंच समजाचं की हा माणूस पेलेला नाही. जगात हे एक मलेच माहीत होतं. आणि मी लिंबं घेत बसली." आता ती रडत होती, आणि पिठाचे हात असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते, तशीच उभी होती.

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. छातीत कुठेतरी काहीतरी लागलं. लागलं एवढं नक्की, कारण मी उजवा हात तिथे नेला. मी म्हटलं, ये इकडे. ती आली. मला खुर्चीतून उठायचं होतं, एकट्यानं उठता येत नाही. तिनं डावीकडून धरून उठवलं आणि आम्ही थोडा वेळ तसेच उभे राहिलो. मग तिची कणीक वाळायला लागली म्हणून ती गेली, आणि मास्तरनं पाठवलेली गाडी दाराशी वाजली.

खाप्याला अंगणात मांडव घातला होता. काठी टेकत मी फाटकातून आत गेलो, तसा मास्तर मागून धावत आला.

"भाऊ, थांबा, खांद्यावर पीठ लागलं आहे. मागं पाठीवर पण आहे, पाची बोटं उमटली."

डावी बाजू होती. मला कळलंच नव्हतं.

"झटकू का?"

"राहू दे," मी म्हटलं.